कॅरिबू पाहिलेली दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे. रंग उडालाय, पट्टा विरलाय. पण मित्रांनो, नजर अजून घारीची आहे हं!

कारखान्यात माझी भिंगं बसवली तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी हौशी माणूस मला क्रिकेटच्या मैदानावर नेईल. पण मला घेतलं जाईनं. जाई मूळची पुण्याची, सिंगापूरच्या विद्यापीठात प्राण्यांचा अभ्यास करणारी. तिथल्या क्लेमेंटी भागात नीतामावशींच्या फ्लॅटमध्ये तिची भाड्याची खोली. दर उन्हाळ्यात ती मला गळ्यात अडकवून थेट आर्क्टिकला न्यायची, कॅरिबूंचे कळप बघायला.

कॅरिबू म्हणजे बर्फाळ मुलखातलं मोठ्या शिंगांचं हरीण. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही आणि डास तर असे, की बिचारे कॅरिबू वारा शोधत टेकड्यांवर पळत सुटतात. एकदा नदी ओलांडताना एक पाडस मागे राहिलं. जाईनं मला डोळ्यांशी घट्ट धरलं. "चल रे सोन्या, चल!" पाडस काठाला लागलं आणि जाईला रडूच फुटलं. "तू नसतीस तर हे दिसलंच नसतं," ती मला म्हणाली. काय फुशारले होते मी!

मग जाई प्रबंध लिहायला पुण्याला गेली. मावशींनी मला मायेनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, वर आणखी एक पिशवी चढवली आणि कपाटात ठेवलं. "धूळ बसायला नको गं बाई!" टीव्हीच्या रिमोटलाही पिशवी घालणाऱ्या मावशी त्या! सिंगापूरच्या दमट हवेत माझा जीव गुदमरला. भिंगांवर बुरशी चढली.

जाईनं परतल्यावर मला डोळ्यांना लावलं. "मावशी, सगळं धुकंच दिसतंय! आणि शनिवारी तर आर्क्टिकला निघायचंय मला."

"नवी घे ना लाह," मावशींची नात श्रिया तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

मावशी मात्र ओशाळल्या. दुसऱ्याच दिवशी एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, मला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेल्या. त्यानं मला उघडून भिंगं लख्ख केली. घरी आल्यावर मावशींनी स्वतःच खिडकीतून बघितलं. "अगं जाई, समोरच्या ब्लॉकमधल्या वाळत घातलेल्या गंजीफ्राकाचं भोकसुद्धा दिसतंय!" सगळ्यांची हसून पुरेवाट झाली.

आज मी पुन्हा आर्क्टिकच्या टेकडीवर आहे. मित्रांनो, वस्तू जरूर जपा, पण कोंडून ठेवू नका. आम्हाला हवा द्या, पुसा, वापरा. वापरून झिजलो तर चालेल हो, कपाटात आंधळं व्हायला नको! बरं, माझी बडबड पुरे. जाईनं मला उचललंय. कळप आला!