खरखर तेवढी काढा

टेलरबाईंनी जावयाच्या हातात गिटार दिली ती खरखर काढायला, दुसऱ्या कशासाठीही नाही. देताना त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, "वायर खोचतो ना आपण, तिथे जरा हललं की खरखर होते. खरखर तेवढी काढा."

"आई, तुम्ही अगदी निश्चिंत राहा," जावई म्हणाला होता.

आणि त्या निश्चिंत राहिल्या, हीच चूक झाली.

जावई माणूस वाईट नव्हता. दिवसभर कचेरीत विम्याची कामं बघायचा आणि घरी आला की हातपाय धुऊन मागच्या खोलीत शिरायचा. पूर्वी त्या खोलीत जास्तीच्या गाद्या असत. आता तिथे कपड्यांच्या दोरीवर रंगवलेल्या गिटारी वाळत असायच्या, नुसती धडं; माना वेगळ्या, भिंतीला टेकवलेल्या. कोणीतरी टाकून दिलेली इलेक्ट्रिक गिटार आणायची, तिचा रंग उतरवायचा, पॉलिश पेपरने घासायची, नवा रंग फवारायचा, पुन्हा घासायची, आणि तिच्यात तोंड दिसायला लागलं की फोटो काढून आपल्यासारख्याच हौशी मंडळींना पाठवायचे. मग ती मंडळी वा वा करायची. "यातलं कोणी वाजवतं का?" असं टेलरबाईंनी एकदा विचारलं होतं, तेव्हा लेकीने डोळे वटारले होते. तीच लेक एरवी म्हणायची, "आमच्याकडे पाहुणा राहायला आला तर त्यालाही दोरीवर वाळत घालावं लागेल."

पण ही गिटार काही टाकून दिलेली नव्हती. ती उस्तादांची होती.

उस्ताद म्हणजे टेलरबाईंचे यजमान. नोकरी टेलिफोन खात्यात. उस्ताद हे नाव मित्रांनी चेष्टेने ठेवलं आणि जन्मभर चिकटलं. त्या काळी इलेक्ट्रिक गिटार दुकानाच्या काचेतून बघायची वस्तू होती. उस्तादांनी ती बघून बघून डोळ्यांत साठवली आणि स्वयंपाकघरात बसून घरीच केली. चुंबक बिघडलेल्या रेडिओतलं, केसासारखी बारीक तार निकामी टेलिफोनमधली. ती तार चुंबकाभोवती गुंडाळायला त्यांनी बायकोच्या शिवणयंत्राचं बॉबिन भरायचं चाक वापरलं. लोकांचे कपडे खोळंबले म्हणून टेलरबाईंनी अबोला धरला होता, तर हा गृहस्थ म्हणे, "बरं झालं, मला वेढे मोजायला शांतता हवीच होती." रंग होता स्वयंपाकघरातल्या कपाटाला देऊन उरलेला हिरवा. मित्रांनी विचारलं, "उस्ताद, ही वाजवायची की हिच्यात डाळीचे डबे ठेवायचे?"

वाजवायचीच होती. सुट्टीच्या दिवशी मित्र जमत आणि घर दणाणून जाई. वाजवताना उस्तादांचा उजवा हात कोपराच्या पुढे जिथे टेकायचा तिथला हिरवा रंग वर्षानुवर्षं झिजत गेला. आधी खालचा पांढुरका थर दिसायला लागला, मग त्यातून लाकूड. तळव्याएवढी जागा, कडेला मऊ, हाताला साबणाच्या वडीसारखी लागणारी.

उस्ताद गेल्यावर टेलरबाईंनी गिटार स्वतःच्या मांडीवर घेतली. नवऱ्याने शिकवलेली एकच चाल त्यांना येत होती, तीही अर्धी. दुपारी दार लावून घ्यायचं, ती अर्धी चाल वाजवायची आणि आपला हात त्या झिजलेल्या जागी टेकवायचा. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतं काय त्यात? खरखर मधे यायची, म्हणून तेवढी काढायला दिली.

जावयाने गिटार ठेवून घेतली ती घेतलीच. विचारलं की "होतंय आई, होतंय." शेवटी एका रविवारी लेकीने जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर जावयाने मागच्या खोलीतून चादरीत गुंडाळलेलं काहीतरी आणलं, खुर्चीवर उभं केलं आणि घसा खाकरला.

"बाबांनी ज्या काळात, ज्या परिस्थितीत हे वाद्य घडवलं, त्याला तोड नाही. त्यांचा वारसा पुढे चालवण्याचा हा माझा एक लहानसा प्रयत्न."

आणि त्याने चादर ओढली.

खुर्चीवर निळीशार, चकचकीत गिटार होती. खिडकी तिच्यात दिसत होती, पंखा दिसत होता, लेकीचं हसू दिसत होतं. टेलरबाईंना त्या निळ्यात स्वतःचं तोंडही दिसलं, आणि ते त्यांना आवडलं नाही.

"माझी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"हीच की, आई."

टेलरबाई उठल्या. ज्या जागेवर हात जायचा तिथे गेला आणि सरकला. गार, गुळगुळीत, काचेसारखी. बोटांनी तिथली कड शोधली. कड नव्हती.

"इथलं कुठे गेलं?"

"तो भाग खूप खराब झाला होता," जावई उत्साहाने म्हणाला. "सगळ्यात जास्त काम तिथेच पडलं. आधी खड्डा बुजवायला लांबी भरली, पुट्टीसारखी, मग..."

"खराब झाला नव्हता. झिजला होता."

"तेच ते, आई."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कशी जाते ते टेलरबाईंना त्या दिवशी नीट कळलं, कारण वाटेत दुखणारे गुडघेही होते. जावयाशी बोलताना आजवर त्यांनी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही. उलट खाली आणला, आणि लेक ताडकन सरळ बसली, कारण हा आवाज तिच्या लहानपणापासून ओळखीचा होता.

"तिथे ह्यांचा हात होता. तो तुम्ही घासून काढलात आणि वर लांबी भरलीत."

जावयाचा चेहरा पडला. खरंच पडला, त्याचं वाईट वाटावं इतका. मग त्याने ते सावरायला जे केलं, ते असल्या हौशी माणसालाच सुचेल.

"आई, ती जागा मी परत करून देतो ना. हल्ली लोक मुद्दाम जुनं करून घेतात. नवी कोरी गिटार घासून, ठोकून, वापरल्यासारखी करायची. आमच्यात त्याला खूप मान आहे. मी हिरवा देतो, त्याखाली पांढरा, आणि नेमकं तिथेच झिजवतो. आठवड्यात होईल. तुम्हाला फरक कळणार नाही."

"कोणाच्या हाताने झिजवणार?"

"म्हणजे... पॉलिश पेपरने."

"त्यांना आयुष्य लागलं," टेलरबाई म्हणाल्या. "तुम्ही आठवड्यात उरकणार. हुशार आहात."

"आई, पुरे ना," लेक म्हणाली. "किती मेहनत घेतलीय यांनी. निदान वाजवून तरी बघ."

जावयाने घाईघाईने वायर खोचली. टेलरबाईंनी गिटार मांडीवर घेतली, जराशी हलवली. खर्र, खर्र, खर्र.

लेक आधी छताकडे बघायला लागली, मग तोंडाला पदर लावून तिने पाठ फिरवली.

"वा," टेलरबाई म्हणाल्या. "ही मात्र जशीच्या तशी जपलीत."

जावयाने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "विसरलो. रंगाच्या नादात साफ विसरलो." मग काहीतरी बोलायचं म्हणून त्याने खिशातून फोन काढला. "पण बघा तरी आई, आतून काय अवस्था होती. रंग उतरवल्यावर काढलेत हे फोटो. मागच्या बाजूला कीड लागलेली. औषध मारून सगळी भोकं बुजवली, म्हणून तर वाचली."

टेलरबाईंनी चष्मा लावला. फोटोत गिटारीची पाठ होती, उघडी, पिवळसर लाकडाची. तिच्यावर सुईच्या टोकाएवढ्या भोकांच्या रांगा. सरळ रांगा, तिरक्या रांगा, एकमेकींवरून गेलेल्या. आणि एका बाजूला सुरेख वळत गेलेली एक रांग.

बराच वेळ त्या बघत राहिल्या. फोटो मोठा कसा करतात ते त्यांनी लेकीला विचारलं. मोठा करून परत बघितला.

"ही कीड?"

"हो ना. लाकूड जुनं म्हटलं की..."

"कीड कधी बाहीचा मुंढा काढते का?"

मुंढा म्हणजे बाही जोडायचा खांद्याकडचा गोल, हे जावयाला माहीत नव्हतं. लेकीला होतं. तिने वाकून फोनमध्ये बघितलं आणि हळूच म्हणाली, "आई, हे तुझं चाक."

ते टेलरबाईंचं चाकच होतं. नक्षा कापडावर उतरवायचं, लाकडी मुठीचं दातेरी चाक. कापडाखाली कागद, कागदाखाली टेबल. जोर देऊन चाक फिरवलं की टेबलावर टिंबं उमटायची. लग्नानंतर पहिल्या घरात त्यांचं कापड बेतायचं टेबल होतं, बिजागरीवर उघडणाऱ्या फळीचं. फळी उघडली की अख्खं कापड पसरायचं आणि उभ्याने बेतता यायचं. मग घर बदललं आणि नव्या घरी टेबल आलं ते फळीशिवाय.

"हमालाने फोडली," उस्ताद म्हणाले होते. "ट्रकवर चढवताना. मी बघितलं ना."

टेलरबाईंनी त्या हमालाला भर रस्त्यात, शेजारपाजाऱ्यांच्या पहिल्याच ओळखीत, असं फैलावर घेतलं होतं की तो बिचारा पाणीही न पिता निघून गेला. तो सांगत होता, "बाई, मी फळी बघितलीच नाही." उस्ताद बाजूला उभे राहून दोऱ्या सोडत होते. मान खाली. त्यानंतर टेलरबाईंनी जन्मभर जमिनीवर गुडघे टेकून कापड बेतलं. गुडघे गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, वय. त्या म्हणाल्या, हमाल.

आता त्यांनी फोन लेकीच्या हातात दिला.

"फळी मधून कापलीन, एकावर एक चिकटवलीन आणि गिटार केलीन," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर. माझ्या स्वयंपाकघरात. मी लाकूड कुठलं म्हणून विचारलं, तर म्हणे खात्यातलं खोकं. आणि कपाटाचा रंग का दिला, तर म्हणे उरला होता. उरला कसला? टिंबं झाकायला दिला."

"बाबा?" लेक म्हणाली. तिला हसावं की नाही ते कळेना.

"तुझे बाबा. सुट्टीच्या दिवशी माझ्याच फळीवर हात टेकून वाजवायचे, आणि मी खाली बसून बेतलेल्या कापडातून मान वर करून वाहवा म्हणायचे." त्यांनी चष्मा काढला. "मघाशी मी त्यांच्या हातासाठी रडायच्या बेतात होते. नशीब, रडले नाही."

जावयाला जरा हायसं वाटलं असावं, कारण राग आता सासऱ्यांकडे वळला होता. तो म्हणाला, "म्हणजे आई, तसं पाहिलं तर माझी..."

"तुमचं राहिलंच आहे. माझी टिंबं लांबीने बुजवलीत. ही पाठ मोकळी करा."

"पाठ? सगळा रंग?"

"सगळा. पुढचं निळं राहू द्या, तुमची हौस म्हणून. पाठ माझी. पण घासायचं नाही. घासलंत तर बघा. रंग औषधानेच उतरवा, टिंबांतली लांबी मी सुईने काढीन."

"बरं."

"आणि मला फळी हवी."

"कुठली फळी?"

टेलरबाई उठून मागच्या खोलीच्या दारात गेल्या. दोरीवरच्या गिटारींखालून वाकून बघितलं. भिंतीशी, कापडात गुंडाळून उभी केलेली एक लांबरुंद फळी होती. तिच्याबद्दल जावई जेवताना नेहमी बोलायचा. सरळ रेषांची, वर्षानुवर्षं सुकवलेली, एकही गाठ नसलेली. जन्मात एकदाच मिळते अशी. तिची गिटार तो एक दिवस करणार होता, अगदी स्वतःची, पहिल्यापासून.

"ही," त्या म्हणाल्या.

जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, ही... ही गिटारीची आहे."

"माझी टेबलाची होती. तिची गिटार झाली. आता गिटारीची आहे तिचं टेबल होऊ दे."

"पण ते बाबांनी केलं ना. मी कुठे..."

"वारसा चालवताय ना?" टेलरबाई म्हणाल्या. "मघाशी खुर्चीपाशी उभं राहून कोण म्हणालं? मग हाही घ्या. नुसतं वाजवण्याचाच मिळतो होय?"

जावयाने बायकोकडे बघितलं. तिने खांदे उडवले. "मी काय बोलू? तिचे गुडघे गेलेत."

टेबल व्हायला वेळ लागला, कारण जावई एकेका बिजागरीला सुस्कारे टाकत होता. पण झालं. फळी उघडली की अख्खं कापड पसरतं, आणि उंची अशी की वाकावं लागत नाही. त्याने तिच्यावर आरशासारखं पॉलिश करायला घेतलं होतं, तेव्हा टेलरबाईंनी डबा हातातून काढून घेतला. कोरं लाकूड हवं, टिंबं उमटायला.

जावयाने टेबल त्यांच्या घरी आणून बसवलं, त्या पहिल्या दिवशी त्यांनी त्यावर काही बेतलं नाही. पाठीचा रंग उतरवून आणलेली निळी गिटार पालथी ठेवली, चष्मा लावला आणि सुईने एकेका टिंबातली लांबी उकरत बसल्या. उकरताना उस्तादांशी बोलणं चालू होतं, आणि ते बोलणं जावयाच्या कानांवर पडलं ते बरंच झालं. बऱ्याच दिवसांनी त्याला घरात आपल्यापेक्षा मोठा अपराधी मिळाला. मुंढ्याचा गोल पूर्ण उघडा झाला तेव्हा त्यांनी त्याच्यावरून बोट फिरवलं.

"लबाड," त्या म्हणाल्या.

मग जावयाला हाक मारली. तो समोर बसला, वायर खोचायच्या जागेची पट्टी उघडली, सुटत आलेल्या तारेला सोल्डरचा डाग दिला, पट्टी बसवली. एवढं होईपर्यंत बाईंच्या कपातला चहा अजून गरमच होता.

त्यांनी गिटार उचलली, हलवली. खरखर नव्हती.

"एवढंच होतं?" त्यांनी विचारलं.

"एवढंच होतं, आई," जावई म्हणाला.

"मग मी तरी दुसरं काय सांगितलं होतं?" टेलरबाई म्हणाल्या, आणि दार लावून घ्यायला उठल्या.