मास्तरांच्या जागी जावई

फुटबॉल क्लब रविवारी हरला, की सोमवारी सकाळी चष्म्याच्या दुकानात येणारं पहिलं गिऱ्हाईक चष्म्यासाठी आलेलं नसे. "ताई, हा स्क्रू जरा ढिला झालाय," म्हणत कोणीतरी काउंटरवर कोपरं टेकायचं आणि स्क्रू घट्ट होईपर्यंत सबंध सामना पुन्हा खेळून घ्यायचं. कोण झोपला होता, कोणाला आधीच बदलायला हवं होतं. जाताना एकच वाक्य: "मास्तरांना सांगा जरा घरी."

मास्तर म्हणजे या चष्मेवाल्या ताईचे वडील आणि क्लबचे प्रशिक्षक. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण खेळाडूंना उठाबशा काढायला लावायचे म्हणून ते नाव पडलं होतं. त्यांच्या हाताखालचा कोच म्हणजे तिचा नवरा. त्याला सगळं मैदान 'जावई' म्हणायचं. तो एके काळी क्लबचा बरा खेळाडू होता, मग गुडघा गेला आणि मास्तरांनी त्याला बेंचवर आपल्या शेजारी बसवून घेतलं. मुलगी आधी दिली की काम आधी दिलं, यावर प्रेक्षकांत अजून वाद चालायचा. तिला विचारलं तर ती म्हणायची, "मला कोणी विचारलंच नव्हतं, मीच त्याला पकडला."

आता क्लब कोणाचा, हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. पूर्वी तो एका सिमेंटच्या व्यापाऱ्याचा होता. मैदान विकून तिथे इमारती उठवायचं त्याच्या मनात आलं, तेव्हा मास्तर फाटकासमोर स्टूल टाकून त्यावर उभे राहिले. "क्लब पैसेवाल्याचा नाही. पावसात उभं राहून घसा फोडतो त्याचा आहे," असं ते म्हणाले, आणि लोक दर संध्याकाळी फाटकाशी जमायला लागले. शेवटी व्यापारी टेकीला आला आणि त्यानं क्लब प्रेक्षकांच्या संघटनेला विकून टाकला. तेव्हापासून वर्गणी भरणारा प्रत्येक जण मालक, आणि प्रत्येकाला एक मत. बस ड्रायव्हर मालक, न्हावी मालक, चष्मेवाली मालक.

आणि या मालकांना आता मास्तर नकोसे झाले होते. सबंध हंगाम क्लब हरत होता, तळाला गेला होता. घर फिरलं की वासेही फिरतात.

त्या सोमवारी दुकानाच्या पायरीवर संघटनेचा अध्यक्ष उभा होता. त्याची चौकात बेकरी होती. शर्टाच्या बाहीला पीठ तसंच होतं.

"ताई, येत्या रविवारी सभा लावावी लागतेय."

"लावा की. मला कशाला सांगता?"

"मास्तरांनी आपणहून सोडलं तर बरं दिसेल. सत्कार करू. स्टँडला नाव देऊ. हात वर करून काढायची वेळ येऊ नये हो."

"मग तसं त्यांना सांगा."

"माझी छाती होत नाही," बेकरीवाला खरं ते बोलला. "त्यांच्या हाताखाली खेळलोय मी. अजून त्यांचा आवाज ऐकला की पाय जुळवून उभा राहतो."

"आणि त्यांच्या जागी कोण?"

बेकरीवाला काचेमागच्या फ्रेम बघायला लागला. "जावयांशी बोलणं झालंय आमचं. विचार करतो म्हणालेत."

तिनं त्याच्या चष्म्याचा स्क्रू घट्ट करून दिला. तो मुळात ढिला नव्हताच.

त्या दिवशी तिचं कामात लक्ष लागलं नाही. घरी आली तेव्हा नवरा मागच्या अंगणात दोरीवर जर्सी वाळत घालत होता. क्लबचं धुणं कोणीतरी करायलाच हवं, आणि ते 'कोणीतरी' गेली कित्येक वर्षं तोच होता.

"विचार करतो म्हणालास?" तिनं विचारलं.

त्याचा हात दोरीवरच थांबला. "बेकरीवाल्याच्या पोटात काही राहत नाही."

"तुझ्या बरं राहतं. बाबा रोज तुझ्या शेजारी जेवायला बसतात. एका शब्दानं तरी बोलायचंस."

"मी हो म्हटलेलं नाही."

"नाही पण म्हटलेलं नाहीस."

"खरंय, नाहीही म्हटलेलं नाही," त्यानं मान्य केलं. "मला हवंय ते काम. इतकी वर्षं बॉलची जाळी खांद्यावर घेऊन फिरतोय. हवंय असं वाटणं म्हणजे काय चोरी झाली?"

"बाबांच्या पाठीमागे झाली तर झाली."

तो आणखी काही बोलणार होता. तोंड उघडलंही त्यानं, पण मग एक जर्सी झटकली आणि तिच्याकडे पाठ केली. "तू मास्तरांनाच विचार," एवढंच म्हणाला.

त्या रात्री तिघं जेवायला बसले. आई गेल्यापासून मास्तर त्यांच्याकडेच राहत होते. एरवी ताटाभोवती वाट्या आणि चमचे मांडून दोघं पुरुष सामना लावायचे, आणि आमटी बचावफळीतून उचलून तिला वाढावी लागायची. आज वाट्या जागच्या जागी होत्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं तिला झालं होतं. एक बाप, एक नवरा, आणि रविवारी हात वर करायचा तो तिनंही.

दुसऱ्या दिवशी तिनं मास्तरांना दुकानात बोलावून घेतलं. घरात हा विषय काढवत नव्हता. आतल्या खोलीत बसायला डोळे तपासायची तेवढी एक खुर्ची आणि एक स्टूल होतं. मास्तर खुर्चीत बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, जणू हाफ टाइमला कोणाला तरी झापणार आहेत.

"बेकरीवाल्यानं पाठवलंय ना तुला?" ते म्हणाले. "त्याला सांग, मी सोडणार नाही. काढायचं तर समोर उभं राहून काढा."

"सांगते. पण आता बसलाच आहात तर डोळे तपासू. किती दिवस टाळताय."

"काही झालेलं नाही डोळ्यांना."

"मग वाचा समोरचं. तिसरी ओळ."

मास्तरांनी मान वर केली आणि भराभर अक्षरं म्हणून दाखवली. न अडखळता, पाढे म्हणावेत तशी.

ती तक्त्याकडे बघत राहिली. जुना तक्ता पिवळा पडला होता म्हणून तिनं मागच्याच महिन्यात नवा लावला होता. मास्तरांनी जी ओळ म्हटली ती जुन्या तक्त्यावरची होती.

"बाबा," ती म्हणाली, "तक्ता बदललाय."

त्यांचे खांदे खाली आले. "मधलं दिसत नाही," ते म्हणाले. "कडेकडेचं दिसतं. ज्याच्याकडे बघावं तोच नाहीसा होतो. गेल्या हंगामापासून. मोठ्या दवाखान्यात जाऊन आलो. चष्म्यानं होण्यातलं नाही म्हणाले."

"एकटे गेला होतात?"

"जावई होता बरोबर."

"आणि मैदानावर? कोण कुठे आहे ते कसं कळतं?"

"तो सांगतो. बॉल कोणाकडे, मोकळा कोण. मी ऐकतो आणि ठरवतो." मास्तरांनी गुडघ्यावरची बोटं आवळली. "पण तो सांगेपर्यंत बॉल पुढे गेलेला असतो गं."

तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो थकवा. तिनं तक्त्याचा दिवा बंद केला आणि त्यांच्या शेजारी स्टुलावर नुसती बसून राहिली. बाहेर कोणीतरी "ताई, आहात का?" म्हणून दोनदा हाक मारली आणि निघून गेलं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला गाठलं. "मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी गळ्याची शपथ घातली होती."

"आणि तू पाळलीस."

"तुझ्या गळ्याची होती," तो म्हणाला.



रविवारी सभेला जुना स्टँड भरला होता. मास्तर पहिल्या रांगेत कडेला बसले होते, जावई त्यांच्यापासून चार खुर्च्या सोडून. ती दोघांच्या मध्ये, मास्तरांना लागून बसली, कारण दुसरी जागा तिला सुचली नाही. बेकरीवाल्यानं घसा खाकरून मास्तरांच्या उपकारांची उजळणी सुरू केली, पण ती संपायच्या आत न्हावी उठला. न्हाव्याला बोलायची सवय होती आणि त्याचं ऐकायची लोकांना.

"मास्तरांचा दोष नाही," तो म्हणाला. "दोष त्या जावयाचा. आम्हाला काय दिसत नाही का? सामना सुरू झाला की संपेपर्यंत म्हाताऱ्याच्या कानाला लागलेला असतो. कान भरभरून माणूस संपवला, आणि आता खुर्चीत बसायला हा तयार!"

स्टँडमध्ये कुजबुज झाली. "बरोबर आहे," कोणी म्हणालं. कोणी शीळ घातली. जावई खाली मान घालून बसला होता. त्यानं तोंड उघडलं नाही. एका वाक्यात तो सुटला असता. तिलाच राहवेना. ती उठायला गेली, तेवढ्यात तिच्या हातावर मास्तरांचा हात आला, आणि त्याच हाताचा आधार घेऊन ते उभे राहिले.

"न्हावीबुवा, तुम्ही कुठे उभे आहात?" त्यांनी विचारलं.

"हा काय, तुमच्या समोर!"

"असाल. मला दिसत नाही."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"तो माझे कान भरत नव्हता, मला सामना सांगत होता. मीच गप्प राहा म्हटलं होतं. त्याच्या जागी मी असतो तर केव्हाच बोललो असतो." त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा होता. "मी हट्टानं बसलो आणि क्लब तळाला नेला. क्लब तुमचा आहे असं मीच तुम्हाला सांगत होतो, आणि वागत होतो माझा असल्यासारखा. आता मत घ्या. उगाच सत्कारबित्कार नको."

बेकरीवाल्याला बोलवेना, म्हणून चिटणीसबाईंनी ठराव वाचला: मास्तरांना मोकळं करावं आणि पुढचा हंगाम जावयानं बघावा. हात वर जायला लागले, सावकाश, एकमेकांकडे बघत. मास्तर सभासद होते, त्यांनीही हात वर केला. त्यांच्या पाठोपाठ तिनं केला. न्हाव्यानं केला नाही. ठराव पास झाला, आणि टाळ्या वाजवाव्यात की नाही ते न कळल्यामुळे लोक खुर्च्या सरकवत उठले.

नवा हंगाम काही फार वेगळा निघाला नाही. पहिला सामना हरले, दुसरा बरोबरीत सुटला. तिसऱ्याला "जावई, सासरी जा!" अशी आरोळी उठली आणि सगळा स्टँड हसला. कोच दर महिन्याला मताला टाकावा, असा अर्ज न्हाव्यानं संघटनेकडे दिला. जावई आता पहाटे उठून एकटाच बसून राहायचा. हवं होतं ते मिळालं होतं, पण त्याच्या तोंडावर ते दिसत नव्हतं. चौथा सामना एका गोलनं जिंकले, तेव्हा तो घरी येऊन बूट न काढताच आडवा झाला.

मास्तर मात्र दर रविवारी जायचे, लोकांत उभे राहून बघायला, म्हणजे ऐकायला. शेजारी न्हावी असायचा. पाचव्या सामन्यात पुन्हा हार झाली आणि मास्तर घसा बसवून घरी आले. जावई आधीच येऊन, टेबलावर कोपरं टेकून बसला होता.

"डावीकडे तो पोरगा कशाला ठेवलास?" मास्तरांनी दारातूनच विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं तो डावीकडे होता ते?"

"न्हावी सांगतो मला."

"तो चुकीचं सांगतो. तो पोरगा उजवीकडे होता."

"मग उजवीकडे कशाला ठेवलास?"

ती दारात उभी राहून हे ऐकत होती. दिवसभर उभं राहून तिचे पाय भरून आले होते. नवऱ्यानं चमचा उचलला, दोन वाट्या पुढे ओढल्या आणि समजावून सांगायला लागला. मास्तरांनी चमचा हातानं चाचपून जागा पाहिली, मान हलवली, तो उचलून दुसरीकडे ठेवला. थोडा वेळ तावातावानं चाललं. मग मास्तर अर्ध्या वाक्यातच थांबले. त्यांची हनुवटी छातीला लागली होती.

नवऱ्यानं आवाज खाली आणला. "झोपले?"

"दमलेत," ती म्हणाली.

"आपण तरी कुठे ताजे आहोत?" तो म्हणाला, आणि मास्तरांच्या बुटांचे बंद सोडायला खाली वाकला.