टेन्शन तीन

"इथे काही नको," गंधाली म्हणाली. "हा तुकडा असाच राहू दे. शांत."

शकुने मान डोलावली आणि तुकडा पुन्हा सुरुवातीला नेला. सीसीटीव्हीचं करडं, मुकं चित्र. मुलुंडच्या वस्तीतला सार्वजनिक नळ, कठड्यावर पालथ्या घातलेल्या बादल्या आणि टेकडीकडच्या भिंतीवरून उतरून आलेली बिबट्याची मादी. ती नळाखाली साचलेलं पाणी चाटते, थांबते, मान वळवून कॅमेऱ्याकडे बघते आणि आल्या वाटेने निघून जाते. एवढंच. त्या नळावर शकुने परकरात असल्यापासून हंडे भरले होते आणि भांडणंही केली होती. तिथे आता ही पाहुणी पाणी पीत होती आणि शकुला तिचा जरासुद्धा राग येत नव्हता, याचं तिचं तिलाच नवल वाटत होतं.

शकु तायडे गोरेगावच्या एका स्टुडिओत मालिकांना पार्श्वसंगीत लावायचं काम करायची. मालिकेत सासू उंबऱ्यात उभी राहिली की कानात जे धडाम होतं, ते शकुचं. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं की जी बासरी रडते, तीही शकुची. कितीतरी सासवांना तिने दरारा मिळवून दिला होता, पण पडद्यावरच्या नावांत तिचं नाव वाचता येईल इतका वेळ कधी थांबलं नाही. तिच्या संगणकात आवाजांचे खण होते: इमोशनल एक, इमोशनल दोन, टेन्शन एक ते पाच. कुठला खण कधी उघडायचा हे तिला विचार न करता कळायचं. या धंद्यात पाप एकच, शांतता. दोन-चार क्षण रिकामे गेले की चॅनलवरून फोन यायचा, "मॅडम, आवाज गेलाय का?" शकु त्या फोनला इतकी भ्यायची की रिकामी जागा दिसली की तिचा हात आपोआप खणाकडे जायचा.

गंधाली आणि तिचे मित्र बिबटे वाचवण्यासाठी धडपडत होते. त्यांनी ही फिल्म बनवली ती शकुच्याच वस्तीसाठी. शेजारच्या रत्नप्रभाचा टायगर नावाचा कुत्रा बिबट्याने उचलला, तेव्हापासून वस्ती हादरली होती. पिंजरा लावा, अशी मागणी एकमुखाने करायची की नाही, ते रविवारच्या सभेत ठरणार होतं. पिंजऱ्यात गेलेलं जनावर पुन्हा जंगल बघेल याची खात्री नसते, असं गंधाली म्हणाली. सभेआधी फिल्म दाखवायची, कचरा उचला, दिवे लावा, पोरांना अंधारात एकटं सोडू नका, हे सांगायचं आणि हात वर व्हायच्या आत मनं वळवायची, असा तिचा बेत होता. शकुने तो आपलाच मानला. आठवडाभर ती त्या मादीकडे बघत होती. तिच्या चालीवर तिने सारंगीचे दोन सूर असे बेतले होते की गंधालीचे डोळे भरून आले.

नळाचा तुकडा तेवढा तिला स्वस्थ बसू देईना. गंधाली निघून गेल्यावर तिने तो पुन:पुन्हा पाहिला. उघड्यावर पडदा बांधणार, माणसं पोरंबाळं घेऊन बसणार. आवाज बंद झाला की कुणीतरी ओरडणार, स्पीकर गेला रे. मग गप्पा सुरू, मग पोरं उठणार, आणि नेमकी मादी दिसायची तेव्हाच कुणाचं लक्ष नसणार. काहीतरी हवंच. अगदी बारीक, असून नसल्यासारखं. हात खणाकडे गेला. टेन्शन तीन हा नुसता खोल घुमणारा सूर होता. तिने तो पार तळाला नेऊन ठेवला, आणि मादी कॅमेऱ्याकडे मान वळवते तिथे एक हलकासा ठोका. इतका खालचा सूर स्टुडिओच्या छोट्या स्पीकरवर ऐकूसुद्धा येत नव्हता. तिने फिल्म गंधालीला पाठवून दिली आणि लिंक रोडच्या बसमध्ये जाऊन बसली. गंधालीला सांगायला हवं, असं तिला पवईपर्यंत वाटत राहिलं. तिने दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा पर्समध्ये टाकला. जाऊ दे, म्हणाली, एवढ्याशाने काय होतंय.

रविवारी संध्याकाळी विहारासमोरच्या मोकळ्या जागेत पडदा लागला. समितीचे अध्यक्ष भाऊराव यांनी जयंतीच्या मिरवणुकीचे उभे स्पीकरचे बॉक्स बाहेर काढायला लावले. शकु ते बघून जागीच चुळबुळली. एवढे मोठे कशाला, असं ती म्हणालीसुद्धा, पण भाऊरावांनी तिलाच समजावलं की मागच्यांना ऐकू यायला नको का. तिचे वडील भीमराज पुढच्या खुर्चीत बसले होते. एके काळी त्यांची गायन पार्टी होती आणि अशाच बॉक्सच्या शेजारी बसून त्यांनी आयुष्यभर पेटी वाजवली होती. आता दोन्ही कान गेले होते. मशीन कानात घातलं की शिट्ट्या वाजतात म्हणून ते खिशात ठेवायचे.

फिल्म सुरू झाली. सारंगी आली तेव्हा बायका हळहळल्या. कचऱ्याचे ढीग दिसले तेव्हा एकमेकांना कोपरखळ्या झाल्या, तुझ्याच घरामागचा आहे बघ. रत्नप्रभासुद्धा नातीला मांडीवर घेऊन निवांत बघत होती. शकुचा जीव भांड्यात पडायला आला होता, तेवढ्यात नळ दिसला.

स्टुडिओत ऐकू न येणारा सूर त्या बॉक्समधून जमिनीतून आल्यासारखा आला. खुर्च्या थरथरल्या. विहाराच्या खिडक्यांच्या काचा वाजल्या. मादी पाण्याला तोंड लावत होती, पण आता ती पाणी पीत नव्हती, दबा धरून बसली होती. तिने मान वळवली आणि ठोका पडला तो थेट छातीवर. रत्नप्रभाची नात किंचाळली. तिच्यामागे सगळी पोरं रडायला लागली, बायांनी पदराखाली घेतली, मागे कुणीतरी खुर्ची पाडून उठलं. स्वत:चं काम असं ओळखू न येण्याइतकं मोठं झालेलं तिने कधी ऐकलं नव्हतं.

त्या गोंधळात भीमराज तेवढे मजेत बसले होते. ते शकुकडे वळले आणि बहिऱ्या माणसासारखे मोठ्यांदा म्हणाले, "पोरी, किती सांभाळून पिते गं ती. तहानली असंल बिचारी."

ते शकुला लागलं. सगळ्या वस्तीत ती मादी जशी होती तशी एकट्या तिच्या बहिऱ्या बापाला दिसली होती.

फिल्म संपून दिवे लागले तेव्हा गंधाली तिच्याकडे बघत होती. भाऊरावांनी माइक घेतला आणि म्हणाले, आता जास्त बोलण्यात अर्थ नाही, सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय. शकु उठली. वस्तीत इतकी वर्षं राहून ती सभेत कधी बोलली नव्हती.

"भाऊराव, एक मिनिट. तो तुकडा परत लावा, आवाज बंद करून. तो आवाज तिचा नाहीये. तो मी घातलाय."

मागून वस्तीतला एक पोरगा, विकी, म्हणाला, "आणि बिबट्या? तो पण तूच घातलास का, शकुताई?"

माणसं हसली. घाबरलेल्या माणसांना हसायला निमित्त हवंच असतं. शकु पुन्हा सांगू लागली की हे आम्ही मालिकेत करतो, असा सूर लावला की साधी मांजरसुद्धा भूत वाटते. पण तिचे शब्द तिलाच लंगडे वाटत होते. रत्नप्रभा नातीचे डोळे पुसत होती. ती शांतपणे म्हणाली, "शकु, माझो कुत्रो गेलो तो तुझ्या आवाजान नाय गेलो." ते खरं होतं. पिंजरा हवा ना, असं भाऊरावांनी विचारलं आणि हात वर झाले. शकुने आपला हात मांडीवर घट्ट धरून ठेवला.

पुढचे दिवस तिचं लक्ष कशातच लागलं नाही. स्टुडिओत ती सासू दारात आणायची आणि खण उघडायला विसरायची. चॅनलचे फोन आले, आवाज गेलाय का, आणि तिने हो, गेलाय, म्हणून सांगून टाकलं. गंधालीला तिने फोन केला तेव्हा गंधाली एवढंच म्हणाली की दाखवण्यापूर्वी मीच पुन्हा एकदा बघायला हवं होतं. शकुला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. वनखात्याची माणसं येऊन समजावून गेली, वस्ती ऐकेना. शेवटी परवानगी आली आणि भिंतीपलीकडे पिंजरा बसला. शकु रोज सकाळी गच्चीवरून तो बघायची. रिकामा दिसला की चहा गोड लागायचा.

एका सकाळी गच्चीवर जायची गरज पडली नाही. वस्तीच तिकडे पळत होती. शकु गर्दीतून पुढे गेली.

मादी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. नाकावर गजांचं खरचटलं होतं. बरगड्या मोजून घ्याव्यात इतक्या वर आल्या होत्या. वनखात्याचा माणूस गर्दीला मागे सारत होता, आणि एवढी माणसं असूनही कुणी बोलत नव्हतं. तिचा धापा टाकल्याचा आवाज तेवढा येत होता, आणि मध्येच शेपटी पत्र्यावर आपटल्याचा. शकु ऐकत उभी राहिली. इथे काय लावायचं, ते तिला सुचलं नाही.

रत्नप्रभा नातीला कडेवर घेऊन तिच्याशेजारी येऊन उभी राहिली होती. ती हळूच म्हणाली, "गो शकु, ही केवढीशी आसा."

शकु मादीकडेच बघत राहिली.

"त्या फिल्मात केवढी मोठी दिसली. हीच काय ती?"

"हीच," शकु म्हणाली.

गाडी आली. पिंजऱ्यावर जाड हिरवं कापड टाकलं गेलं आणि चार माणसांनी तो उचलला. त्यांना तो जड गेला नाही. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर माणसं पांगली, नळावर रांग लागली, आणि रत्नप्रभा नातीला म्हणाली, चल, शाळेची वेळ झाली. शकु घरी आली तेव्हा भीमराज दारात उभे होते. काय झालं, म्हणून त्यांनी खुणेने विचारलं. शकुने त्यांच्या खिशातलं मशीन काढलं, त्यांच्या कानात नीट बसवलं, आणि मग सांगायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.