चंगेझ खानाचा डगला

"ये किसका ड्रेस है?" माझ्या मोबाईलवरचा फोटो मोठा करत शहरबानू आपाने विचारलं.

"चंगेझ खान का. कल इरा के स्कूल में हिस्ट्री डे है, चिठ्ठी में इसको यही निकला." लेकीकडे बोट दाखवून, कडेवरच्या अंशला थोपटत मी पुढे बोलून गेले, "आपके इधर का ही है ना? आपको तो बराबर पता होगा!"

शिवणाचं मशीन थांबलं.

इथे आखातात, सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या बिल्डिंगखाली आपाचं शिवणाचं दुकान आहे. ती क्वेट्टाची, हजारा जमातीची. बारीक डोळे, वर आलेली गालाची हाडं. तो चेहरा बघूनच मी बोलले होते, हे माझं मलाच कळलं.

"स्कूल जाते थे तो लड़के पीछे से चिल्लाते थे, चंगेझ की औलाद," ती म्हणाली. "तुमने तो प्यार से बोला." आणि हसली. ते हसणं मला जास्त लागलं.

बाळंतपणाला आलेल्या सासूबाई पुण्याला परतल्यावर अंश दिवसदिवस रडायचा. नवरा, सिद्धांत, अबुधाबीच्या साइटवर. तेव्हा हीच बाई त्याला खांद्यावर टाकून म्हणायची, "अर्चना, पहले खाना खा ले, यल्ला, चल." त्या महिन्यांत मी धड जेवले असेन, तर ते याच दुकानात. आणि आज मी हे असं बोलले. आता कुठल्या तोंडाने इथे येणार?

"सॉरी आपा. रहने दो, कुछ और पहना दूँगी."

पण तिने इराच्या खांद्यावर टेप लावलीसुद्धा होती.

"वॉज ही अ गुड गाय ऑर अ बॅड गाय?" इराने तिलाच विचारलं. मी डोळे वटारले.

आपाने तोंडातल्या टाचण्या काढल्या. त्याने शहरंच्या शहरं मारली, लेकरंही सोडली नाहीत, असं तिने सरळ सांगून टाकलं. घोड्यांवरची टपालसेवा त्यानेच सुरू केली, आणि ज्याला जशी प्रार्थना करायची तशी करू दिली, हेही सांगितलं. त्याचे शिपाई तिच्या लोकांच्या डोंगरांत राहिले, तिथेच त्यांनी लग्नं केली, असं तिच्याकडे म्हणतात.

"तो जिसने मारा, वो भी हमारा दादा. और जो रोई, वो भी हमारी दादी."

"देन हू आर यू?"

"दर्ज़ी. चलो, हाथ ऊपर."

दुसऱ्या दिवशी स्टेजवर निळ्या डगल्यात उभी राहून इरा पाठ केलेलं सगळं विसरली. मग स्वतःचंच बोलली. "ही किल्ड अ लॉट ऑफ पीपल. ही मेड द पोस्ट गो फास्ट. ही हॅज मेनी मेनी ग्रँडचिल्ड्रन. वन ऑफ देम मेड माय कोट. शी इज नॉट स्केरी."

हॉल हसला, टाळ्या पडल्या. आपाला पुन्हा लागेल म्हणून मी मात्र घाबरले. हा व्हिडिओ आपाला दाखवायचाच नाही, असं ठरवलं. पण शाळेतून येताना डगल्यातच दुकानात शिरलेल्या इराने माझ्या हातातला फोन ओढून तिच्यासमोर धरला.

आपाने तो शेवटपर्यंत पाहिला. काउंटरवर कुणीतरी पँटसाठी खोळंबलं होतं; त्याला हातानेच थांबवून तिने पुन्हा पाहिला. मग ओढणीने फोनची काच पुसून तो मला परत दिला आणि स्वतःच्या फोनवर बोटिम उघडून क्वेट्टाला आईला व्हिडिओ कॉल लावला. दोघी त्यांच्या भाषेत बोलत होत्या. मला 'इरा' सोडून एक शब्द कळला नाही. मग फोनमधून एक म्हातारं, खळखळून हसणं ऐकू आलं.

आपाने इराला कापड बेतायच्या टेबलावर उभं केलं, आणि आईला नीट दिसावी म्हणून डगल्याची कॉलर सरळ केली.