लांब सुईची कबुली

मित्रांनो, मी एक जुनी लांब सुई आहे. लाकडाची, वीतभराहून बरीच मोठी. एका टोकाला आकडी आणि दुसऱ्या टोकाला टाके घसरून पडू नयेत म्हणून गोल बोंड. वस्तूंची रडगाणी तुम्ही पुष्कळ वाचली असतील. आम्ही राबलो, झिजलो, मग अडगळीत पडलो. माझंही तेच झालं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला सांगायचं आहे ते वेगळंच. मी एका मुलीला मारलं आहे.

खुर्चीचे पाय कातून उरलेल्या तुकड्यातून एका कातारीने मला घडवलं आणि माझ्या मालकिणीने, आत्याने, मला विकत घेतलं. आत्या बायकांचे कपडे शिवायची. गल्लीच्या तोंडाशी तिचं दुकान होतं आणि दुपारी दुकान बंद ठेवून ती माझ्यावर ट्युनिशियन क्रोशे विणायची. साध्या क्रोशाला आखूड सुई पुरते, कारण तिच्यावर एका वेळी एखाददुसरा टाकाच असतो. आमच्या कामात जाताना ओळीचे सगळे टाके सुईवर चढवायचे आणि येताना एकेक उतरवायचे. बस भरावी आणि रिकामी व्हावी तसं. काम कधी पलटायचं नाही. त्यामुळे चौकटीच्या कागदावरचा रंगीत नमुनाही दरवेळी एकाच बाजूने वाचायचा, खालून वर, उजवीकडून डावीकडे. एक चौकट म्हणजे एक टाका. आत्याने विणलेले पलंगपोस, उशांचे अभ्रे, पडदे बघून लोक तोंडात बोटं घालायचे. मी तेव्हा फार फुशारले होते.

मग आत्याची भाची घरी राहायला आली. अकरा वर्षांची. वडील नव्हते. आई परगावी रुग्णालयात नर्स होती आणि तिला राहायला मिळालेल्या खोलीत मूल ठेवायची परवानगी नव्हती. मुलगी डावखुरी होती. आत्याने पहिल्याच जेवणाला तिचं नाव ‘डावरी’ ठेवून दिलं.

आई निघताना म्हणाली होती, “तुझ्या हातचं काहीतरी करून ठेव गं. पुढच्या वेळी नेते. खोलीच्या भिंती कशा ओक्याबोक्या आहेत.”

त्या एका वाक्यावर मुलगी दिवस काढत होती. गणिताच्या वहीच्या कागदावर तिने चौकटी रंगवल्या. पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरं, ‘आई’. आणि आत्यापुढे उभी राहिली, “मला शिकव.”

आत्या तिच्या शेजारी शिकवायला बसली. मुलीने मला डाव्या हातात घेतलं.

“ए डावरे, तो हात नाही.”

“याच हाताने जमतं आत्या.”

“जमतं म्हणे! मी तीस वर्षं काय गवत उपटलं?”

आणि आत्याने मला हिसकावून मुलीच्या डाव्या हातावर हाणलं. बोटांच्या पेरांवर. मित्रांनो, लोकरीखेरीज मी कशालाच टोचले नव्हते तोवर. त्या महिन्यात मी किती वेळा त्या पेरांवर बसले, ते मला मोजता आलं नाही. उजव्या हाताने तिचे टाके इतके आवळले जायचे की मला त्यातून हलता यायचं नाही.

शेवटी मुलीने तिच्यापुरता तोडगा काढला. आत्या दुकानात गेली की ती मला डाव्या हातात घ्यायची. काय सांगू! टाके भराभर चढायचे, सुरळीत उतरायचे. मार खाणारे हेच ते हात, हे पटेना. पण आत्याचा नियम तिने मोडला नाही. ‘नमुना उजवीकडून वाचायचा’ हे तिला चोपून शिकवलं होतं. डाव्या हाताची ओळ डावीकडून निघते, तेव्हा नमुनाही डावीकडून वाचायला हवा, हे तिला कोण सांगणार? मला कळत होतं. मला तोंड नव्हतं. आमच्या विणीला खोडच असते, खालची कड वर गुंडाळत येते. अक्षरं त्या गुंडाळीत लपत गेली. मुलगी टाके मोजत राहिली.

आई आली, दीड दिवसाची सुट्टी घेऊन. मुलीने स्वतः इस्त्री तापवली, ओलं फडकं टाकून वीण सपाट केली आणि सगळ्यांसमोर धरली.

आधी ई, मग आ, दोन्ही पाठमोरी. आरशात दिसावीत तशी.

आत्या हसून हसून खाली बसली. “ई! आ! अगं, झुरळ दिसल्यासारखं वाटतंय! चोरून डाव्या हाताने केलंस ना? वहिनी, बघा आपल्या लेकीचे प्रताप.”

मुलगी आत्याकडे बघतच नव्हती. ती आईकडे बघत होती. आईचं बोट एकदा त्या उलट्या अक्षरांवरून फिरलं. मग तिने नणंदेकडे पाहिलं. तिच्या जिवावर तर पोर इथे होती.

“आत्याचं ऐकायचं ना बाळा,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी उजव्या हाताने कर, मग नेते.”

वीण टेबलावरच राहिली आणि बस सुटायच्या वेळेला आई गेली. मुलीने पिवळी लोकर उसवून गुंडाळली, लाल वेगळी गुंडाळली, मला आत्याच्या हातात दिलं आणि पुन्हा कधी मागितलं नाही.

पुढे आत्याची नजर अधू झाली. मी परकरात नाडी ओवायच्या आणि कपाटामागे पडलेले मोजे ओढायच्या कामाची झाले. परवा ती मुलगी आली होती. आता मोठी झाली आहे, कचेरीत जाते. आत्याला नाडी ओवून द्यायला तिने मला उचललं, उजव्या हाताने. सफाईने ओवली. आत्या कौतुकाने म्हणाली, “बघ, लावलं की नाही वळण?” तिने परकराची घडी घातली आणि मला परत आत्याच्या हातात दिलं.

मित्रांनो, मला तेल लावू नका, जपून ठेवू नका. मी दोन्ही हातांतून गेले आहे, म्हणून एवढं मात्र ऐका. उजव्या हाताच्या माणसाने डावखुऱ्याच्या शेजारी बसून शिकवू नये, त्याच्या समोर बसावं. मग तुमचा उजवा हात आणि त्याचा डावा हात एकाच बाजूला येतात, आणि तो नुसतं बघून शिकतो. आत्याला फक्त खुर्ची उचलून समोर मांडायची होती. त्यापेक्षा मला उचलणं तिला सोपं वाटलं.