रुक्माबाईच्या खलबत्त्याची फिर्याद

मी एक जुना पितळी खलबत्ता आहे आणि मित्रांनो, मी रागात आहे. माझ्यासारख्या भांड्याने आपला जन्म, सेवा आणि म्हातारपण शांतपणे सांगावे अशी रीत आहे. ते सगळे सांगतो, पण राग लपवून सांगणार नाही. तुमच्यातले जे लग्नाच्या वयाचे आहेत त्यांनी जरा कान देऊन ऐकावे.

निपाणीच्या एका ओताऱ्याने मला ओतले. रुक्माबाईच्या लग्नात तिच्या मामाने मला घेतले आणि बाजारातच बारीक छिन्नीने माझ्या काठावर नाव घालून घेतले : सौ. रुक्माबाई यल्लाप्पा, कंग्राळी. आमच्या भागात लग्नातले भांडे नावाशिवाय देत नाहीत. त्या घरात मी तीस वर्षे लसूण, आले, वेलदोडे, शेंगदाणे कुटले. शेजारची मालुबाई म्हणायची, "रुक्माक्का, तुझ्या खलबत्त्यातली चटणी मी वासावरनं वळखते." मग मिक्सर आला आणि मी माळ्यावर गेलो. तिथे धूळ खाल्ली, पालींची अंडी सांभाळली. त्याचा मला राग नाही. म्हातारपण सगळ्यांनाच येते.

राग पुढचा आहे. रुक्माबाईचा मुलगा आदर्श बेळगावात एका फौंड्रीत कामाला लागला. दर आठवड्याला शिफ्ट बदलायची, झोप चार तासांची, आणि जागे राहायला तोंडात तंबाखू. सत्ताविसाव्या वर्षी त्याचे लग्न झाले. बायको रचना खानापूरकडची, शाळेत विज्ञान शिकवणारी. लग्न, गोंधळ, देवदर्शन, पाहुणे, या सगळ्यात पाच दिवस तो नीट झोपला नव्हता. अशा माणसाला पहिल्या रात्री शरीराने साथ दिली नाही तर त्यात नवल ते काय? पण सकाळी मित्रांनी डोळे मिचकावत विचारले, "काय आदर्श, मारलीस का न्हाय बाजी?" आणि त्याच्या मनात भीती शिरली. पुढच्या वेळी तो बायकोजवळ गेला तो परीक्षेला बसल्यासारखा. त्याच्या पुढच्या वेळी भीती दुप्पट. आठ महिने तो एकटाच कुढत राहिला. रचनाने विचारले की म्हणायचा, "शिफ्टनं अंग मोडून आलंय गं."

असल्या पोरांवर टपून बसलेला एक माणूस संकेश्वरजवळ हायवेच्या कडेला होता. नाव मष्णू. आधी तो टेम्पो चालवायचा. मग त्याने तंबू ठोकला, बाहेर सिंहाचे चित्र लावले आणि वैद्यराज झाला. आदर्श तिथे जाऊन आला आणि एका रविवारी त्याने मला माळ्यावरून खाली काढले.

"कुठं न्हेतोस रं त्यो?" रुक्माबाईने विचारले.

"फौंड्रीत दाखवतो आई. असली ओतीव भांडी आता मिळत न्हाईत."

खोटे होते. मष्णूने त्याला सांगितले होते की औषध लागू पडायचे तर ते आईच्या हाताखालच्या पितळी भांड्यातच कुटायला हवे. तंबूत शिरलो तर कोपऱ्यात माझ्यासारखे दहा खलबत्ते! कुणावर हुक्केरीकडचे नाव, कुणावर निपाणीकडचे. प्रत्येक खलबत्त्यामागे एक घाबरलेले पोरगे होते.

"ल्हानपणी हातानं चुका केल्यास न्हवं? सगळं तेज वाहून गेलंय. नस मेलीय तुझी," मष्णू आदर्शला म्हणाला. "कुणाला सांगू नगंस. बायकूला तर न्हाईच न्हाई."

मित्रांनो, हे धादांत खोटे आहे. त्या सवयीने कुणाची नस मरत नाही आणि कसले तेजही वाहून जात नाही. पण आदर्शने मान खाली घातली. ती मान पाहून मला त्याच्या जन्माचे दिवस आठवले. रुक्माबाईच्या बाळंतपणातल्या डिंकाच्या लाडवांची खारीक माझ्यातच कुटली होती. आणि आता त्याच माझ्या पोटात मष्णूने साखर टाकली, रंगापुरती कसली तरी साल टाकली, आणि औषधाच्या दुकानातल्या गोळ्या मूठभर सोलून टाकल्या. मोजल्या नाहीत. माझाच बत्ता उचलून त्याने त्या कुटल्या. मी ओरडलो, पण खलबत्त्याचे ओरडणे म्हणजे नुसता ठणठणाट. त्या दिवशी मी ठरवले, ह्याला सोडायचे नाही.

भांडे ठेवून घेण्यातली मेख मला नंतर समजली. पुड्या घेऊन गुण येईना म्हणून एखादे पोरगे तक्रार करायला आले की मष्णू त्याचा खलबत्ता उचलून मांडीवर घ्यायचा. काठावरचे नाव सावकाश वाचायचा आणि गोड आवाजात म्हणायचा, "घरी येऊन तुझ्या आईला देऊ का परत? इथं कशाला आलता त्येबी सांगतो." पोरगे गप! दुसऱ्याची अब्रू वेठीला धरून हा माणूस पोट भरत होता.

दवाखान्यातली हकिकत मी पुढे आदर्शच्याच तोंडून ऐकली. पुडीने आधी बरे वाटले, म्हणून मष्णूने ती दुप्पट केली. एका सकाळी फौंड्रीत आदर्श मशीनजवळ कोसळला. रक्तदाब पार खाली गेला होता. हात मशीनमध्ये जाता जाता वाचला. रचनाने त्याच्या पाकिटातली पुडी शोधून काढली आणि ती व आदर्शला घेऊनच टिळकवाडीतल्या डॉक्टर दीपंकरांसमोर बसली. तिथे आदर्शने रडत रडत सगळे सांगितले.

"सकाळी जाग येते तेव्हा शरीर ठीक असतं?" डॉक्टरांनी विचारले.

"व्हय."

"मग नस मेलेली नाही. पहिल्यांदा बिघडलं ते थकव्यानं, नंतर बिघडत गेलं ते भीतीनं. तंबाखूनं त्यात भर घातली. तरी साखर, रक्तदाब, हार्मोन तपासू. कधी कधी ही साखरेची नाहीतर हृदयाची पहिली सूचना असते. पुडीत ह्यावरच्याच गोळ्या असणार; जास्त झाल्या की त्या रक्तदाब पाडतात. गोळ्या खऱ्याच असतात, पण कुणाला आणि किती द्यायच्या ते तपासून ठरवायचं असतं. खलबत्त्यात कुटून नाही."

तपासण्या ठीक आल्या. तंबाखू सुटली. सुटताना त्याने घरात भांडणे केली, ती रचनाने सोसली. शिफ्ट दिवसाची मागून घेतली. समुपदेशक समताताईंनी दोघांना समोर बसवून सांगितले, महिनाभर परीक्षा बंद. नुसते जवळ बसा, बोला, हात धरा. तीन-चार महिन्यांत संसार रुळावर आला. बोलायला आठ महिन्यांहून जास्त लागले होते, बरे व्हायला त्याच्या निम्मेही लागले नाहीत.

इकडे डॉक्टरांनी पुडीची तपासणी करून तक्रार दिली. आरोग्य खात्याची माणसे पोलिसांना घेऊन तंबूवर आली आणि आम्ही अकराही जण जप्त झालो. मला वाटले, आता मष्णूची पाचावर धारण बसेल. तो तर ठाण्यात बाकावर पाय हलवत बसला होता. साहेबांनी काठावरच्या नावांवरून घरोघरी फोन लावले. एक जण म्हणाला, "आमचा खलबत्ता चोरीला गेलता." दुसरा म्हणाला, "असल्या नावाची बाई आमच्यात न्हाई." झाकली मूठ सव्वा लाखाची!

"कोण येतंय बघू की साहेब," मष्णू हसून म्हणाला. "आपल्याला जमत न्हाई म्हणून सांगायला कुठला गडी येतोय?"

हे त्याचे शेवटचे हसू ठरावे असे मला फार वाटत होते. पण तो म्हणत होता ते खोटे नव्हते. माणूस समोर येऊन बोलल्याशिवाय मष्णू सुटणार होता आणि दुसऱ्या बाजारात तंबू ठोकणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आदर्श आला. सोबत रचना आणि रुक्माबाई. ठाण्यात कंग्राळीचाच भरमा पासपोर्टच्या कामाला आलेला होता. त्याला पाहून आदर्शचे पाय दारातच थांबले. संध्याकाळपर्यंत गावभर होणार, हे त्याला कळत होते.

रचना हळूच म्हणाली, "तुमचं दुखणं बरं झालंय. आता ह्या मष्णूचं हसणं थांबवायचं तेवढं राहिलंय."

आदर्श आत आला. माझ्यावर हात ठेवला आणि भरमाकडे बघतच खणखणीत आवाजात म्हणाला, "साहेब, ह्यो खलबत्ता माझ्या आईचा. मीच आणून दिलता. बायकोजवळ जायला मला जमत न्हवतं म्हणून. ह्यानं मला इख चारलं. लिवून घ्या."

ठाण्यात कुणी हसले नाही. भरमाने डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. मष्णूचे पाय हलायचे थांबले. आणि मग रुक्माबाई, जिला घरातून निघताना पहिल्यांदा सगळे कळले होते, ती पुढे आली. "माझ्या घरच्या भांड्यात माझ्याच पोराला इख कुटलास?" म्हणत तिने बत्ता उचलला. शिपायाने वरच्या वर तिचा हात धरला. मित्रांनो, त्या शिपायाला मी अजून माफ केलेले नाही.

आदर्शचा जबाब झाल्यावर आठवड्यात आणखी तीन पोरे आली. एक तर बापाला घेऊन आला. मष्णूला जामीन मिळालेला नाही. पण सात खलबत्ते अजून माझ्या शेजारी बेवारशी पडून आहेत, आणि त्यांची पोरे कुठेतरी मान खाली घालून पुड्या खात असतील. त्यांना माझे सांगणे आहे : आधी डॉक्टरकडे जा, मग इथे ठाण्यात या. लाज तुमची नाही, त्याची आहे. ज्याची त्याला परत करा.

रुक्माबाई मला घरी न्यायला दोनदा येऊन गेली. चिंच लावून लख्ख करते म्हणाली. मी जाणार नाही. मित्रांनो, जुन्या भांड्यांची काळजी घ्या, पण मला इतक्यात कुणी घासू नका. माझ्या बुडाला मष्णूची पूड अजून चिकटलेली आहे आणि ती कोर्टाने बघितल्याशिवाय मला चमकायचे नाही.