थांबा म्हटलं की सुटणारी दोरी

मित्रांनो, मी एक जुनी तागाची दोरी आहे आणि सध्या दोन तुकड्यांत नांदते आहे. माझी कहाणी मोठ्यांसाठीच. लहानांनी खुशाल दोरीवरच्या उड्या माराव्यात.

कारखान्यात मला पीळ दिला तेव्हा वाटलं होतं, सारा जन्म गोण्यांची तोंडं आवळण्यात जाणार. पण मला घेतलं एका समुपदेशक बाईंनी. त्यांनी मला उकळलं, वाळवलं, तेल चोळून मऊ केलं. इतके लाड माझ्या सात पिढ्यांत कुणाचे झाले नसतील. बाईंकडे थकलेली मोठी माणसं आपण होऊन येत आणि अंगभर कपड्यांनिशी स्वतःला माझ्याने बांधून घेत. तेवढा वेळ हातांना काम नाही, डोकं शांत. तुम्ही भुवया उंचावल्या असतील. मीही उंचावल्या असत्या, पण मला भुवया नाहीत.

बाईंचा शिरस्ता पक्का. प्रत्येक गाठीआधी "बांधू का?" विचारायचं आणि "थांबा" ऐकलं की तिथल्या तिथे सोडायचं. कात्री कायम हाताशी. त्या कात्रीशी माझं कधी जमलं नाही.

एक नर्स यायची. सासर-माहेर दोन्हीकडची थोरली. सासूपासून धाकट्या भावापर्यंत सगळ्यांचं तिच्याच डोक्यावर. एकदा मी तिच्या दंडाला जरा जास्तच आवळले गेले. बोटं पांढरी पडली, तरी ही गप्प. बाईंचं लक्ष गेलं. गाठ सोडायलाही न थांबता त्यांनी मला कच्चकन कापलं.

"अहो, मी कुठे थांबा म्हटलं?" नर्स ओशाळली. "चांगली दोरी वाया गेली."

"दोरी गेली चुलीत. बोटं बधिर झाली तरी बोलला का नाहीत?"

"सवयच नाही हो. घरी 'थांबा' म्हणून पाहिलंय. कुणी थांबत नाही."

माझं दुखणं मी तिथेच विसरले.

पुढच्या खेपेला बाईंनी माझा एक तुकडा घेतला. मनगटाला एकच सैल वेढा बसला, तोच ती म्हणाली, "थांबा."

बाईंनी मला लगेच सोडलं. "दुखलं का?"

"नाही. थांबता का, ते पाहत होते."

आणि ती रडली, अगदी पोटभर. मग डोळे पुसून तिने हात पुढे केला. त्या दिवशी ती पुन्हा पुन्हा "थांबा" म्हणाली आणि दर वेळी मी सुटले.

मित्रांनो, मला तेलपाणी नको, कौतुक नको. घरात कुणी "थांबा" म्हटलं, तर आधी थांबा. का, ते मागाहून विचारा.